थोडक्या स्वरांचें संगीत



संगीताविषयींचीं जीं गाऱ्हाणीं वारंवार कानांवर येतात, त्यांत “तेंच तेंच चाललें आहे” हें गाऱ्हाणें फार जुनें आहे. नवख्या माणसाला विलंबित ख्यालाच्या बैठकीस नेलें, तर थोड्याच वेळांत तो हें म्हणतो. आणि ज्याचा कान अशा बैठकींवरच पोसला आहे, त्या मुरलेल्या रसिकाला गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अमेरिकेंत उदयास आलेला एक विशिष्ट संगीतप्रकार ऐकविला, तर तोहि नेमकें हेंच म्हणतो.

त्या संगीतप्रकाराला इंग्रजींत ‘मिनिमॅलिझम’ असें नांव आहे. आपण सोयीसाठीं त्याला ‘अल्पवाद’ म्हणूं. चार-पांच स्वर, एक ठाम लय, एखादा लहानसा स्वरसमूह आणि त्याची पुनःपुन्हां आवृत्ति, एवढ्या सामग्रीवर हे रचनाकार श्रोत्याला तासभर आणि प्रसंगीं पांच पांच तास बसवून ठेवतात. या पंथांतील पांच रचनाकारांची तुलना आजच्या भाषणांत करावयाची आहे. त्या सर्वांना एकाच माळेंत ओवण्याची चाल पडली आहे. परंतु त्यांच्यांत जें साम्य दिसतें तें बाहेरचें आहे. भेद आहे तो मर्माचा आहे. तो भेद ओळखतां आला म्हणजे “तेंच तेंच” हें गाऱ्हाणें आपोआप गळून पडतें.

तुलनेसाठीं एक माप हवें. तें न्यूयॉर्कहून आणण्याची गरज नाहीं. रायगड जिल्ह्याच्या आंतल्या अंगाला, महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत तें सांपडतें. महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडाकडे वाहते. तिच्या खोऱ्यांतील गांवें व वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. या मुलखांत वारकरी संप्रदाय खोल रुजलेला आहे, आणि गांवोगांवीं अखंड हरिनाम सप्ताह होतात. पहाटे काकडआरती, दिवसा ज्ञानेश्वरीचें पारायण, सायंकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा क्रम असतो. काल्याच्या कीर्तनानें व महाप्रसादानें त्याची सांगता होते. हा क्रम आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. मला त्यांतील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे, आणि ती म्हणजे वीणा.

सप्ताहाच्या आरंभीं वीणेची पूजा होते आणि ती एकाच्या गळ्यांत घातली जाते. त्या क्षणापासून सात दिवसपर्यंत ती खालीं ठेवावयाची नाहीं. पहारे ठरलेले असतात. ज्याचा पहारा असेल त्यानें वीणा घेऊन उभें राहावयाचें, तार छेडीत राहावयाचें आणि मुखानें नाम घ्यावयाचें. पहारा बदलतांना दोघे एकमेकांच्या पायां पडतात. वीणा एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जाते आणि नाद पुढें चालूं राहतो. या वीणेवर राग वाजवावयाचा नसतो. ती एकच सूर धरून असते. दिवसा देवळांत गर्दी असते, टाळ-मृदंगाचा गजर असतो. उत्तररात्रीं दोन-चार माणसेंच जागीं असतात. वीणेला मात्र दिवस आणि रात्र सारखीच.

या सप्ताहांत स्थिर काय आहे? सूर स्थिर आहे, नाम स्थिर आहे. मग बदलतें काय? बदलतो तो वीणा धरणारा हात. हेंच आपलें माप. आवृत्तीवर उभारलेल्या कोणत्याहि संगीताला दोन प्रश्न विचारावेत : येथें काय अचल ठेवलें आहे, आणि बदल कोठें ठेवला आहे? बदल नाहीं असें संगीत जगांत नाहीं. तो कोठें दडविला आहे एवढेंच पाहावयाचें असतें. या दोन प्रश्नांनिशीं आपण आतां त्या पांच जणांकडे वळूं.

पहिला ला माँट यंग. याचा जन्म १९३५ सालीं अमेरिकेंतील आयडाहो प्रांतांतल्या एका खेड्यांत, ओंडक्यांच्या घरांत झाला. त्या घराच्या फटींतून शिरणाऱ्या वाऱ्याचा घुमारा आणि तारायंत्राच्या खांबांची गुणगुण हे आपले बालपणींचे पहिले संगीतसंस्कार होत, असें तो सांगत आला आहे. १९५८ सालीं त्यानें तीन तंतुवाद्यांसाठीं एक रचना केली. तींत एकेक स्वर कित्येक मिनिटें लांबविलेला आहे. १९६० च्या एका रचनेंत तर स्वर दोनच, षड्ज आणि त्याचा पंचम म्हणा ना. आणि ते पुष्कळ वेळ धरून ठेवावेत एवढीच सूचना. येथें लय नाहीं, चाल नाहीं. मग बदल कोठें आहे? तो स्वराच्या पोटांत आहे.

हें कोडें पाश्चात्त्य श्रोत्यास अवघड वाटलें तरी तंबोऱ्याच्या देशांत तें अवघड वाटूं नये. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली म्हणजे ती नुसता खर्ज बोलत नाहीं. ती सबंध कांपते, त्याच वेळीं दोन भागांत कांपते, तीन भागांत, चार भागांत, पांच भागांत कांपते. दोन भागांच्या कंपनानें वरचा षड्ज ऐकूं येतो, तीन भागांच्या कंपनानें पंचम, आणि पांच भागांच्या कंपनानें गंधार. कोणीहि न वाजवितां उमटणाऱ्या या गंधाराला आपले गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. घोडीवर तारेखालीं सरकविलेला सुताचा दोरा नेमक्या जागीं बसला, म्हणजे जवारी खुलते आणि हा आंतला स्वरसमुदाय स्पष्ट होतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान्पिढ्या हेंच काम करीत आले आहेत. २०२४ सालीं त्यांच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. थोडक्यांत, एका अचल स्वरांत अनेक स्वर नांदतात, हें आपल्याकडे तंबोरा जुळविणाऱ्या पोरालाहि शिकावें लागतें.

पियानो आणि हार्मोनियम हीं वाद्यें मात्र या नैसर्गिक गणितांत थोडी तडजोड करतात. बारा अर्धस्वर सारख्या अंतरावर बसवावयाचे असल्यामुळें त्यांचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधाराहून अर्धस्वराच्या सुमारें सातव्या भागानें चढा असतो. १९४० सालीं आपल्या नभोवाणीनें पेटीला बंदी केली आणि ती पुढें सुमारें तीस वर्षें टिकली, ही गोष्ट जुन्या श्रोत्यांच्या घरांत अजून निघते. त्या बंदीच्या कारणांत पेटीचे ठरीव स्वर हेंहि एक कारण होतें. यंगनें १९६४ पासून पियानोच निराळ्या प्रमाणांनीं जुळवून घेतला आणि त्यावर पांच-सहा तासांचें वादन उभारलें.

याच शोधांत तो १९७० सालीं पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ १९१८ सालीं लाहोरांत जन्मले. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खां हे त्यांचे गुरु. डेहराडूनजवळच्या टपकेश्वराच्या गुहेंत वाहत्या पाण्याच्या सान्निध्यांत त्यांनीं कित्येक वर्षें स्वरसाधना केली. ज्यांनीं महाड तालुक्यांतील शिवथरघळ पावसाळ्यांत पाहिली आहे, त्यांना या साधनेची कल्पना येईल. घळीपुढें कोसळणाऱ्या धबधब्याचा नाद प्रथम सर्व विचार बुडवून टाकतो. कांहीं वेळ बसल्यावर त्याच नादाच्या आड मन स्थिर होतें. समर्थांनीं दासबोधासाठीं ही जागा निवडली असें परंपरा मानते. त्या निवडींत एकांताबरोबर या अखंड नादाचाहि वांटा असावा, असें तेथें बसलेल्या माणसाला वाटल्यावांचून राहत नाहीं.

अब्दुल वहीद खां यांचें गाणें अतिविलंबित लयीचें. एकेका स्वराची बढत ते अत्यंत सावकाश करीत. त्यांच्याच तालमींत आपल्या हिराबाई बडोदेकर तयार झाल्या. म्हणजे प्राणनाथ आणि हिराबाई हे गुरुबंधु-गुरुभगिनी ठरतात, आणि त्या नात्यानें न्यूयॉर्कचा हा यंग आपल्या घरच्या घराण्यांतलाच होतो. अमेरिकन अल्पवादाचा एक झरा असा किराण्याच्या पाण्यानें भरलेला आहे.

दुसरा टेरी रायली, यंगच्याच वयाचा, कॅलिफोर्नियांतला. तोहि १९७० सालीं प्राणनाथांचा शिष्य झाला आणि शिकण्यासाठीं हिंदुस्थानांत आला. परंतु त्याची कीर्ति त्याआधींच्या एका रचनेवर उभी आहे. ‘इन सी’ ही ती रचना. ती १९६४ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें प्रथम सादर झाली. तिची संहिता एका पानावर मावते. तींत ५३ लहान लहान स्वरसमूह आहेत. वादक कितीहि असावेत, वाद्यें कोणतींहि असावींत. प्रत्येकानें पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानें जावयाचें. मात्र प्रत्येक तुकडा किती वेळां वाजवावा हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. कोणी चौथ्यावर असतो तेव्हां कोणी सातव्यावर पोंचलेला असतो. अट एवढीच कीं, कोणीं फार पुढें पळूं नये आणि कोणीं फार मागें रेंगाळूं नये. सर्वांना एकत्र ठेवण्यासाठीं वरच्या षड्जाचा एक ठोका सारखा चालूं असतो.

येथें स्वर स्थिर आहेत, क्रम स्थिर आहे, ठोका स्थिर आहे. बदल आहे तो माणसामाणसांमधल्या अंतरांत. दिंडींत चालणाऱ्या माणसाला हें लगेच कळेल. टाळांची लय सर्वांची एक, चरण सर्वांचा एक. पण कोणी आधीं उचलतो, कोणी अर्ध्यावर श्वास घेतो, कोणी शेवटचा शब्द तेवढा धरतो. या किंचित् मागेंपुढें होण्यानेंच दिंडीच्या आवाजाला रुंदी येते. पन्नास माणसें यंत्रासारखीं एकदम गाऊं लागलीं, तर ती दिंडी न राहतां पलटणीची कवाईत होईल. रायलीनें हें ढिलेपण जाणूनबुजून राखलें आहे.

तिसरा स्टीव्ह राइश, जन्म न्यूयॉर्क, १९३६. हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर, आणि त्याच्या संगीतांतहि तर्कशास्त्राची शिस्त आहे. १९६४ सालीं त्यानें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका चौकांत प्रलयाची कथा सांगणाऱ्या एका ख्रिस्ती प्रवचनकाराचा आवाज मुद्रित केला. त्यांतील तीनच शब्दांचा तुकडा त्यानें दोन यंत्रांवर एकाच वेळीं फिरविला. दोन यंत्रांच्या गतींत बारीकसा फरक असल्यामुळें एक आवाज दुसऱ्याच्या मागें पडूं लागला, आणि त्या दोन सारख्या आवाजांच्या मधून तिसरेच ताल व तिसरेच सूर ऐकूं येऊं लागले. वारींत एकामागून एक येणाऱ्या दोन दिंड्या एकच अभंग गात असल्या आणि आपण रस्त्याच्या कडेला दोहोंच्या मध्यें उभे असलों, म्हणजे असाच अनुभव येतो. कोणीहि न गाइलेला एक तिसरा अभंग कानांत तयार होतो.

राइशचें तंत्र घरच्या घरीं पाहावयाचें असेल, तर त्याची १९७२ सालची टाळ्यांची रचना घ्यावी. तिला वाद्य लागत नाहीं. दोन माणसांचे हात पुरेत. मात्रा बारा मोजाव्यात. तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी. दोन टाळ्या, एक रिकामी. एक टाळी, एक रिकामी. दोन टाळ्या, एक रिकामी. दोघांनींहि हाच बोल वाजवावयाचा. कांहीं आवर्तनें झाल्यावर पहिल्यानें आपला बोल तसाच ठेवावयाचा आणि दुसऱ्यानें एक मात्रा पुढें सरकावयाचें. पुन्हां कांहीं आवर्तनें, पुन्हां एक मात्रा. असें बारा वेळां सरकलें म्हणजे दोघे पुन्हां एकत्र येतात आणि रचना संपते. आज रात्रीं जेवणानंतर आपल्या मुलांबरोबर हा प्रयोग करून पाहावा. आपला बोल न सोडतां शेजाऱ्याचा सरकलेला बोल सहन करणें किती कठीण असतें, हें तिसऱ्या सरकीलाच ध्यानांत येईल. १९७० सालीं राइश आफ्रिकेंतील घाना देशांत जाऊन तेथील ढोलवादन शिकून आला. त्यानंतरची ‘ड्रमिंग’ आणि १९७६ सालीं सादर झालेली अठरा वादकांची रचना या त्याच्या सर्वांत भरदार कृति होत. त्याचें धोरण सरळ आहे : प्रक्रिया एकदां सुरू करून दिली म्हणजे ती आपल्या नियमानें पुढें जाते, आणि ती श्रोत्याला उघड ऐकूं आली पाहिजे. बदल आहे तो दोन सारख्या गोष्टींच्या परस्परस्थानांत.

चौथा फिलिप ग्लास, जन्म बाल्टिमोर, १९३७. पॅरिसमध्यें शिकत असतांना, १९६५-६६ च्या सुमारास, एका चित्रपटाच्या निमित्तानें त्याला पंडित रविशंकर यांचे स्वर फ्रेंच वादकांसाठीं पाश्चात्त्य लिपींत उतरवून देण्याचें काम मिळालें. तो स्वर लिही, पण आघात चुकीच्या जागीं पडत. तबल्यावर बसलेले अल्लारखां पुनःपुन्हां मान हलवीत. शेवटीं त्यानें पाश्चात्त्य पद्धतीचे तालाचे दंड पुसून टाकले, तेव्हां त्याला समोर दोनदोन व तीनतीन मात्रांची एक अखंड साखळी दिसली. या एका दर्शनावर त्यानें पुढची दहा वर्षें काढलीं. पांच स्वरांचा तुकडा घ्यावा. कांहीं आवृत्तींनंतर त्यांत एक स्वर वाढवावा. मग आणखी एक. पुढें एकेक कमी करावा. लय बदलत नाहीं, स्वर बदलत नाहींत; वाक्याची लांबी तेवढी बदलते. तबलियाचा कायदा आणि त्याचे पलटे ज्याच्या कानांत बसले आहेत, त्याला ही रीति परकी वाटावयाची नाहीं. त्याचें ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हें सुमारें पांच तासांचें संगीतनाटक १९७६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यानंतरहि कांहीं काळ उदरनिर्वाहासाठीं त्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टॅक्सी चालवावी लागत होती.

त्याचें दुसरें संगीतनाटक १९८० सालीं हॉलंडांत रॉटरडॅम येथें झालें. त्याचें नांव ‘सत्याग्रह’. विषय गांधीजींचें दक्षिण आफ्रिकेंतील आयुष्य, भाषा संस्कृत, शब्द भगवद्गीतेंतील. शेवटच्या प्रवेशांत गांधीजींचें पात्र खालच्या षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत एकच आरोह पुनःपुन्हां गातें. त्या आरोहांत ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल आहेत. म्हणजे ज्या भैरवीनें आपण बैठक संपवितों, तिचाच तो सांगाडा. तो तीस वेळां येतो. त्यांत स्वररचनेचें चातुर्य कांहीं नाहीं. आठ पायऱ्या चढावयाच्या, पुन्हां खालीं यावयाचें, पुन्हां चढावयाच्या.

महाडच्या श्रोत्याला या नाटकाच्या नांवाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारों माणसें चवदार तळ्यावर गेलीं. त्या दिवशींची कृति किती थोडकी होती पाहा : चालत जावयाचें, वांकावयाचें, ओंजळभर पाणी घ्यावयाचें आणि प्यावयाचें. एका माणसानें रात्रीं गुपचुप केली असती, तर ती तहान ठरली असती. दिवसाढवळ्या एकामागून एक हजारोंनीं केली, तेव्हां ती हक्काची घोषणा झाली. त्या तळ्याचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयांत १९३७ सालीं अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूनें निकालांत निघाला. थोडकी गोष्ट पुनःपुन्हां केल्यानें तिचा अर्थ कसा वाढत जातो, हें ग्लासच्या त्या तीस आरोहांवरून जर कोणाला उमगलें नाहीं, तर त्यानें त्या तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभें राहावें.

पांचवा आर्वो पॅर्ट. हा अमेरिकन नव्हे, एस्टोनियाचा. जन्म १९३५. कित्येक वर्षें मौन पाळल्याप्रमाणें अल्प लेखन करून १९७६ सालीं त्यानें पियानोची एक दोन पानांची रचना प्रसिद्ध केली, आणि तींतून आपली रीति निश्चित केली. तिला त्यानें लहान घंटेच्या लॅटिन नांवावरून नांव दिलें. दोन आवाज : एक स्वरांच्या पायरीपायरीनें चालतो, दुसरा षड्ज-गंधार-पंचमासारख्या तीनच स्वरांत घुटमळतो आणि घंटेसारखा वाजतो. येथें आवृत्तीचा आग्रह नाहीं, ठोका नाहीं. देवळांतील घंटेचा टोला पडून गेल्यावर त्याचा नाद विरेपर्यंत आपण नकळत थांबतों. पॅर्टचें संगीत त्या थांबण्याचें आहे. बदल आहे तो स्वर आणि निःशब्दता यांच्या सीमेवर.

आतां पांचांना शेजारीं शेजारीं ठेवूं. यंगचा बदल स्वराच्या आंत, रायलीचा माणसांमाणसांत, राइशचा दोन सारख्या बोलांच्या मध्यें, ग्लासचा वाक्याच्या लांबींत, पॅर्टचा शांततेच्या कांठावर. यंग ऐकतांना कान सूक्ष्म करावा लागतो. रायली ऐकतांना एकाच वेळीं अनेकांकडे लक्ष पसरावें लागतें. राइश ऐकतांना मोजदाद सुटूं द्यावयाची नसते. ग्लास ऐकतांना उलट मोजदाद सोडून वाहत जावें लागतें. आणि पॅर्ट ऐकतांना थांबावें लागतें. एकाच पंथाचे म्हणून हे पांच जण एका बैठकींत पाठोपाठ ऐकले, तर पांचांवरहि अन्याय होतो.

येथपर्यंत मीं आपल्या तंबोऱ्याचा, दिंडीचा आणि कायद्याचा दाखला वारंवार दिला. त्यावरून “हें सारें आमच्याकडे होतेंच” असा निष्कर्ष मात्र काढूं नये. “तेंच तेंच आहे” म्हणणारा आणि “आमचेंच आहे” म्हणणारा, दोघेहि ऐकण्याची तसदी टाळतात. भेद तीन आहेत आणि ते ठळक आहेत. आपला गवई चार स्वरांत अर्धा तास राहतो खरा, पण प्रत्येक क्षणीं पुढचें पाऊल तो स्वतः निवडतो. राइशच्या प्रक्रियेंत निवड आरंभीं एकदांच होते. दुसरें, आपल्या तालाला सम आहे. कितीहि दूर गेलों तरी समेवर परत येण्याचें आश्वासन असतें, आणि त्या भेटीच्या आनंदानें श्रोत्याची मान हलते. अल्पवादी संगीतांत बहुधा सम नसते. तेथें पोंचावयाचें कोठेंच नसतें, चालणेंच असतें. तिसरा भेद सर्वांत मोठा. मैफिलींत गाणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. अल्पवाद्यांच्या सभागृहांतहि तसेंच. महाड-पोलादपूरच्या सप्ताहांत मात्र ऐकणारा म्हणून कोणी उरत नाहीं. आलेला माणूस टाळ घेतो, नाहींतर टाळी धरतो. पहारा आला म्हणजे वीणा घेतो. तेथें आवृत्ति ही ऐकण्याची वस्तु नसून करण्याची वस्तु आहे.

आणि म्हणूनच त्या वीणेविषयीं थोडी काळजीहि वाटते. यंगनें आपली पत्नी मॅरियन झझीला हिच्या साहाय्यानें न्यूयॉर्कच्या एका इमारतींत ‘ड्रीम हाउस’ नांवाचें दालन १९९३ सालीं उघडलें. तेथें विद्युत् यंत्रांतून ठरलेल्या प्रमाणांचे स्वर अखंड निघत असतात. ऐकणारा जागचा हलला, नुसती मान वळविली, तरी ऐकूं येणारा स्वरमेळ बदलतो. तेथें सूर धरावयाला माणसाचा हात लागत नाहीं. आपल्याकडेहि १९७९ पासून विजेचा तंबोरा निघाला आहे, आणि रियाज करणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याची त्यानें मोठी सोय केली आहे. सूर अखंड राहावा एवढाच हेतु असेल, तर यंत्र माणसाहून अधिक विश्वासू आहे.

परंतु आपलें माप पुन्हां लावून पाहा. सप्ताहांत बदल ठेवला आहे तो हातांत. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन-दोन तासांचे पहारे धरले, तर चौऱ्यांशीं पहारे भरावे लागतात. म्हणजे चौऱ्यांशीं वेळां कोणीतरी यावयास हवें. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ गांवांतून माणसें पिढ्यान्पिढ्या पोटासाठीं मुंबईस जात आलीं आहेत. आधीं गिरण्यांत, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्यावर मिळेल त्या कामाला. सणावारीं आणि सप्ताहाला तीं परत येतात. ज्या वाडींत एरवीं म्हातारींकोतारींच उरलीं आहेत, तेथें रात्रीं दोनच्या पहाऱ्याला उभें राहणारे पाय मुंबईहून येणाऱ्या गाडींतूनच यावे लागतात. उद्यां कोणीं सोयीसाठीं देवळांत यंत्र लावलें, तर सूर तसाच राहील, कदाचित् अधिक शुद्ध राहील. पण वीणा खालीं ठेवली गेली असेल. एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जातांना जें घडतें, तेंच त्या संगीतांतलें खरें आवर्तन आहे, आणि तें यंत्राला करतां येत नाहीं.

शेवटीं ऐकण्याविषयीं दोन व्यवहाराच्या सूचना. या रचनाकारांपैकीं प्रथम राइशच्या टाळ्या घ्याव्यात, मग रायलीची ‘इन सी’, मग ग्लासच्या ‘सत्याग्रहा’चा शेवट, मग पॅर्ट, आणि सर्वांत शेवटीं यंग, म्हणजे चढण हळूहळू लागते. दुसरी सूचना अशी कीं, पहिल्या पांच-सात मिनिटांत कंटाळा येईल, त्याला भिऊं नये. तो कंटाळा रचनेचा नसतो; दर क्षणाला कांहींतरी नवें हवें अशी जी संवय आपल्या मनाला लागली आहे, तिचा तो असतो. तो ओसरला म्हणजे बदल कोठें आहे तें ऐकूं येऊं लागतें.

आणि सावित्रीच्या खोऱ्यांत जर आपलें कोणी राहत असेल, तर त्या गांवच्या सप्ताहाला एकदां अवश्य जावें. दिवसाच्या कीर्तनाला गर्दी असतेच. आपण रात्रींचा एखादा पहारा मागून घ्यावा.